एमएक्स-५ ला नवीन मॅगव्हील: स्टिअरिंगची थरथर, हबचा गंज आणि २६ची हवा

मृगसरी (रेडिंग, इंग्लंड)

नमस्कार मंडळी. गाडीप्रेमींना विचारायचं आहे, आणि जे घडलं ते नीट सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

गाडी माझदा एमएक्स-५, दुसरी पिढी, म्हणजे जिला एनबी म्हणतात ती. २००३ची, १.८ इंजिन, मऊ छताची. चार वर्षांपूर्वी घेतली तेव्हापासून घरातलीच एक झाली आहे. मूळ चाकं १५ इंची, ६ इंच रुंद, ईटी४० (म्हणजे चाकाचं हबला टेकणारं तोंड रिमच्या मध्यापासून ४० मिमी बाहेरच्या बाजूला), त्यावर १९५/५० आर१५ टायर. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने दोन चाकांची कड आतून खाऊन टाकली. टायर जिथे रिमला चिकटतो तिथेच पोपडे आल्यामुळे हवा धरत नव्हती. दर रविवारी सकाळी हवा भरायची, गुरुवारपर्यंत चाक बसलेलं.

शेवटी नवी मॅगव्हील, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाकं, घेतली. १५×७, ईटी३५, चार नट, १०० मिमी पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास. टायर त्याच मापाचे, पण नवे. विमा कंपनीला आधी फोन करून बदल नोंदवला, कारण इथे चाकं बदलली हे कळवलं नाही तर ऐन वेळी दावा नाकारू शकतात.

एका टायरच्या दुकानात टायर चढवून, बॅलन्स करून चाकं गाडीला लावून घेतली. सगळं पाऊण तासात झालं. परत येताना एम-४ हायवेवर ताशी ५५ मैलांच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. ६५ला जरा कमी, ५८-६०ला सगळ्यात जास्त. हायवेवरून उतरल्यावर ओल्या गोल चौकात गाडीची मागची बाजू हलकेच सरकली. वेग फार नव्हता. चार वर्षांत त्याच चौकात असं कधी झालं नव्हतं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

घरी येऊन हवा मोजली. पुढे ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे ३८. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलंय २६, चारही चाकांना. दुकानात विचारलं तर म्हणाले, नव्या टायरला एवढीच लागते.

आता विचारायचं ते असं: थरथर बॅलन्सिंगची की चाकांच्या मापाची? २६ हा आकडा मला फारच कमी वाटतो, पुण्यात बाबांच्या गाडीत कायम ३३ भरायचो. आणि रिम एक इंच रुंद झाल्यावर स्टिकरवरचा आकडा लागू राहतो का?

---

उद्यमनगरी (कोल्हापूर)

ताई, माझं टायरचं दुकान हाय, वडलांच्या काळापासनं. तुमची गाडी मी कधी बघितली नाय, पण चाक ते चाक.

पयला प्रश्न. मूळ चाकं काढल्यावर त्या माणसानं हबचं, म्हंजे चाक ज्याच्यावर बसतंय त्या भागाचं, तोंड घासलं का? ब्रश मारला का? तुमच्याकडं मीठ असतंय म्हणताय म्हणजे हबवर गंजाची पापडी असणारच. जुनं चाक वर्षानुवर्षं त्याच पापडीवर दाबून बसलेलं असतंय, त्याच्या खुणा पडलेल्या असतात. नवं चाक त्या खुणांवर बसत नाय. एका बाजूला कागदाएवढा गंज ऱ्हायला तरी चाक लचकत फिरतंय. बॅलन्सिंग मशीनवर ते दिसणार नाय, कारण मशीनला तुमचा हब नसतोय.

दुसरा. नवीन चाकाचं मधलं भोक केवढं? बाजारातली मॅगव्हील सगळ्या गाड्यांना बसावी म्हणून भोक मोठं ठेवतात. बघा आणि सांगा.

तिसरा. नट मशीनच्या गननं आवळले का पान्यानं? चाक हवेत असताना नट बोटानं लावायचे, तीन-चार आटे हातानं गेलेच पायजेत. मग तिरपे, समोरासमोर, थोडे थोडे. शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं (जोर मोजून आवळतो तो), चाक जमिनीला टेकल्यावर. गननं पयलाच नट पूर्ण आवळला की चाक एकीकडं सरकून तिथंच धरलं जातंय.

---

मृगसरी

दादा, हबला ब्रश मारलेला मी तरी पाहिला नाही. चारही चाकं गननेच आवळली, आवाज अजून कानात आहे.

भोक मोजलं: ७३.१ मिमी. गाडीच्या हबचं ५४.१. चाकांच्या खोक्यात तळाला एक पिशवी सापडली, त्यात चार प्लास्टिकच्या रिंगा, वर ७३.१-५४.१ छापलेलं. त्या बसवल्याच नव्हत्या! खोकं मी गाडीतच ठेवून दिलं होतं, दुकानात कुणी उघडलं नाही.

---

चाकणकर

मी बारा वर्षं टायर टेस्टिंगमध्ये काढली, म्हणून हवेचं मी लिहितो. रिंगेबद्दल मात्र एक गोष्ट आधी सांगतो, कारण यावरून लोक नेहमी भांडतात.

त्या रिंगेवर गाडीचा भार येत नाही. भार पेलते ती चाकाची पाठ आणि हबचं तोंड यांच्यातली घट्ट पकड, नटांनी दाबून धरलेली. रिंग फक्त चाक लावताना ते मध्यावर बसवते, म्हणून प्लास्टिकची असली तरी चालते. शंकूच्या बैठकीचे (बैठक म्हणजे नट चाकाला जिथे टेकतो ती जागा) नटही चाक मध्यावर आणतात, पण दादा म्हणाले तसे हळूहळू आवळले तरच. तुमच्याकडे रिंग नाही, हब गंजलेला आणि वर गन. तिन्ही एकत्र आल्यावर ५८ मैलांना थरथर झाली नसती तरच नवल.

नटाची बैठकही बघून घ्या. माझदाला एम१२×१.५ आट्यांचे, ६० अंशी शंकूचे नट लागतात. होंडाच्या कंपनीच्या चाकांना गोल बैठक असते, तिचे नट आट्याला बसतात पण चाकाला नीट टेकत नाहीत. चार नट आणि १०० पीसीडी जुळलं म्हणून नट इकडचे तिकडे करू नयेत.

आता हवा. भार टायर उचलत नाही, आतली हवा उचलते. म्हणून किती हवा लागेल हे टायर नवा की जुना यावर नाही, त्या टायरवर किती किलो येतात यावर ठरतं.

तुमच्या टायरवर मापाच्या पुढे ८२ आणि एक अक्षर असेल. ८२ म्हणजे एका टायरची कमाल क्षमता ४७५ किलो, आणि ती पूर्ण क्षमता २.५ बारला, म्हणजे साधारण ३६ पीएसआयला मिळते. तुमची गाडी किती जड? हजार-पन्नास किलोच्या आसपास. दोन माणसं आणि थोडं सामान धरून साडेबाराशे म्हणा. पुढे-मागे वजन जवळपास निम्मं-निम्मं, म्हणजे एका चाकावर सव्वातीनशेसुद्धा नाही. क्षमतेच्या दोन-तृतीयांशाएवढाच भार! म्हणून माझदाने २६ लिहिलं. १.८ बार. बाबांच्या गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा आणि वर घाट. तिथे ३३ बरोबरच होती.

३६-३८ला टायर फुगून मध्यावर उभा राहतो. जमिनीला टेकणारा ठसा लहान होतो, खांद्यांचं, म्हणजे दोन्ही कडांचं, रबर उचललं जातं. ओल्यात गाडी सरकली यात हवेचा वाटा नक्की आहे. अजून एक शक्यता: नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर पकड कमीच असते. ते दिवस जपून चालवा.

---

शुभदा_जर्सी

चाकणकरांनी छान उलगडून सांगितलं. माझ्याकडे इथे टोयोटाची जीआर८६ आहे, तीही दोन दारांची, मागच्या चाकांनी धावणारी, आणि तिच्या स्टिकरवर ३५ आहे. मध्यंतरी कुणीतरी सांगितलं की स्पोर्ट्स कारला २८च ठेव, पकड वाढते. ठेवून पाहिली. वळणात आधी काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम कलते, जणू टायर रिमवरच लोळतोय. चार दिवसांत परत ३५ केली. माझी गाडी एमएक्स-५ पेक्षा दोन-सव्वादोनशे किलोंनी जड आहे आणि टायर २१५/४० आर१८, त्याला बाजू अशी नाहीच. एका गाडीचा आकडा दुसरीला लावता येत नाही हे मला तेव्हा पटलं.

नवी चाकं घेणाऱ्यांसाठी एक. अमेरिकेत २००७ नंतरच्या सगळ्या गाड्यांना हवेचा इशारा देणारा दिवा सक्तीचा आहे आणि माझ्या गाडीत त्याचे सेन्सर चाकाच्या आत, व्हॉल्व्हला लावलेले आहेत. मॅगव्हील घेताना सेन्सरचा खर्च धरला नव्हता, तो वेगळा पडला. आणि तो दिवा ठरलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के हवा कमी झाल्यावर लागतो. माझ्या गाडीत तोवर २६ झालेली असेल. दिव्यावर विसंबून गेज घरी न ठेवणं मला तरी मान्य नाही.

---

वळणवेडा (ब्रिस्टल)

मृगसरी, अभिनंदन, आपली गावं जवळच आहेत. माझी पहिल्या पिढीची, एनए. मी ती कॅसल कूमच्या रेसट्रॅकवर ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, नेतो.

लावण्याआधी जागा मोजली का? हिशेब सोपा आहे. ६चं रिम ७ झालं म्हणजे रुंदी २५.४ मिमी वाढली, निम्मी आत निम्मी बाहेर, १२.७ प्रत्येकी. ईटी ४०चं ३५ झालं म्हणजे सगळं चाक ५ मिमी बाहेर सरकलं. तर बाहेर १७.७ वाढलं आणि आत ७.७. एनबीला हे आरामात बसतं. ज्यांना १५×८ ईटी२८ घ्यायचंय त्यांनी हाच हिशेब करावा: बाहेर ३७.४, आत १३.४. तिथे मागच्या मडगार्डची आतली कड वळवून घेण्यापर्यंत गोष्ट जाते. १९५चा टायर ८ इंचावर ताणून बसवलेला मला व्यक्तिशः आवडत नाही. रिमची कड उघडी पडते आणि फुटपाथला पहिला धक्का तिलाच बसतो.

ब्रेक कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबून धरणारा भाग) आणि चाकाच्या काड्या यांच्यात किती जागा आहे तेही बघा. आतून चिकटवलेली बॅलन्सची वजनं कॅलिपरला घासून उडून जातात, हेही थरथरीचं कारण असू शकतं.

---

मृगसरी

शनिवार-रविवार गाडीखालीच गेला. क्रमाने सांगते.

पुढचं डावं चाक आधी काढलं. दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. हबच्या तोंडावर तांबूस पापडी, आणि तीवर जुन्या चाकाच्या काड्यांचा ठसा स्पष्ट उमटलेला. नखाने खरवडली तर एक तुकडा सुटून आला, हाताच्या नखाएवढाच जाड. तारेच्या ब्रशने आणि मग जाड पॉलिश कागदाने घासत राहिले. पाऊण तास एका हबला लागला. धातू राखाडी, सपाट दिसेपर्यंत सोडलं नाही. चाकाच्या पाठीवरसुद्धा गंजाचा भुगा चिकटला होता, तो पुसला. मधल्या उंचवट्यावर बोटाने ग्रीसचा पातळ हात दिला. आट्यांना मात्र ग्रीस लावलं नाही, कारण मग टॉर्कचा आकडा खोटा पडतो असं गाडीच्या पुस्तकात वाचलं होतं.

रिंग चाकात दाबून बसवली. चाक हबवर सरकवलं तेव्हा एक हलकासा ठप्प आवाज आला आणि ते हात सोडूनही जागेवर राहिलं. आधी ते नटांवर लोंबकळत होतं.

वळणवेडा, कॅलिपरची जागा बघायला मी कणकेचा वापर केला. पोळ्यांची कणीक भिजवलेलीच होती. सुपारीएवढ्या गोळ्या कॅलिपरवर तीन ठिकाणी चिकटवल्या, चाक लावून हाताने एक फेरी फिरवलं, परत काढलं. सगळ्यात चपटी झालेली गोळी पट्टीने मोजली, ५ मिमी. बॅलन्सच्या वजनांचीही जागा मोकळी होती. मग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे स्टिअरिंग वळवून बघितलं. कुठे टेकत नाही.

नट हाताने, मग तिरपे, मग गाडी खाली उतरवून टॉर्क पान्याने. पुस्तकात ८८ ते ११८ न्यूटन-मीटर आहे, मी ११० ठेवले. दुकानातल्या गनने आवळलेला एक नट सोडवायला मला पान्यावर उभं राहावं लागलं होतं. रस्त्यात पंक्चर झालं असतं तर काय केलं असतं?

थरथर गेली. ५०, ५५, ६०, ७०, सगळीकडे स्टिअरिंग शांत. एक फरक मात्र जाणवतो: खराब रस्त्यावर ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या गाडी आता जास्त शोधते. किंचित एका बाजूला ओढल्यासारखी.

---

चाकणकर

ती चाकोरीची ओढ ईटी कमी झाल्याची आहे. चाक बाहेर सरकलं की स्टिअरिंगच्या आसापासून टायरच्या मध्याचं अंतर बदलतं, आणि रस्त्याचा प्रत्येक ढकल हातापर्यंत थोडा जास्त पोचतो. पाच मिलिमीटरला एवढंच जाणवेल. १५ मिमीचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावणाऱ्यांनी हे आधी वाचावं. तरीही एकदा अलाइनमेंट तपासून घ्या, गाडी वीस वर्षांपुढची आहे. आणि ५०-६० मैल झाल्यावर नट परत टॉर्क पान्याने बघा, नवी चाकं बसताना थोडी सैल पडतात.

---

उद्यमनगरी

शाब्बास ताई! हब घासायला पाऊण तास देणारं गिऱ्हाईक मी तरी बघितलं नाय. माझ्या पोराला वाचून दाखवला तुमचा प्रतिसाद.

आता हवेचं सांगा. किती ठेवली?

---

मृगसरी

सकाळी, रात्रभर उभ्या गाडीत, बाहेर ८ अंश असताना २६ भरली. आणि मग चाकणकरांनी दिलेल्या हिशेबावर माझा विश्वास बसला आहे का, हे बघायला खडूचा प्रयोग केला. पांढऱ्या खडूने टायरच्या रुंदीवर आडवी पट्टी ओढली, चारही टायरना. गल्लीतून सरळ दोनशे मीटर गेले आणि उतरून बघितलं. २६ला खडू डावीकडून उजवीकडे सारखा पुसला गेला होता, फक्त अगदी कडेला बोटाच्या पेराएवढी पांढरी रेघ राहिली. मग मुद्दाम ३६ करून तोच प्रयोग केला. मधला पट्टा काळाभोर, आणि दोन्ही खांद्यांवर दोन-दोन बोटं खडू जसाच्या तसा. त्या ओल्या चौकात एवढंच रबर रस्त्याला लागत होतं!

२८लाही पाहिलं. मध्ये किंचित लवकर पुसला, फरक थोडाच. सध्या पुढे २७, मागे २६ ठेवली आहे. पुढे २७ला वळताना स्टिअरिंग पहिल्यासारखं चटकन उत्तर देतं असं मला वाटतं.

---

चाकणकर

२७/२६ हरकत नाही. रिम रुंद झालं की टायरची बाजू ताठ होते, म्हणून स्टिकरच्या आसपास एक-दोन पीएसआय स्वतःच्या हाताला विचारून ठरवायला मोकळीक आहे. १० पीएसआयची नाही.

मोजताना तापमान लक्षात ठेवा. १० अंशांच्या फरकाला साधारण दीड पीएसआय. आज ८ अंशांना २६ भरलेला टायर जानेवारीत उणे २ला साडेचोवीस दाखवेल, एकही रेणू बाहेर न जाता. उलट हायवेवरून आल्यावर २९-३० दिसेल. तेव्हा हवा सोडायची नाही. गरम टायरमधून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी पडते.

---

वळणवेडा

ट्रॅकवर हेच उलट करावं लागतं. मी सकाळी २५ने सुरू करतो, तीन-चार फेऱ्यांनंतर पिटमध्ये येऊन लगेच मोजतो. ३०-३१ आलेली असते. त्या गरम आकड्यावर चारही चाकं सारखी करतो. कॅसल कूमला वळणं बहुतेक उजवीकडची, म्हणून डावे टायर जास्त तापतात, तिकडून जास्त हवा सोडावी लागते. पण घरी निघायच्या आधी, टायर थंड झाल्यावर, परत भरायची. एकदा मी विसरलो आणि पुढचे चार दिवस डाव्या बाजूला २१वर हिंडत होतो. टायरच्या खांद्यावर अजून त्याची खूण आहे.

---

अबोली (ठाणे)

मला स्पोर्ट्स कारमधलं काही कळत नाही, पण धागा एका दमात वाचला. माझी जुनी स्विफ्ट आहे. तिलाही चार नट आणि १००च आहे ना? एक ओळखीचे मॅगव्हील स्वस्तात देतायत. घ्यावीत का? आणि मीही २६ ठेवू का?

---

उद्यमनगरी

२६ अजिबात नको ताई! तुमच्या गाडीच्या दारावर जो आकडा हाय तोच ठेवा. त्यांची गाडी दोन माणसांची आन् हलकी, तुमच्यात पाच बसणार.

जुन्या स्विफ्टला ४×१०० बरोबर, आन् भोक ५४.१, योगायोगानं माझदाचंच. वापरलेली मॅगव्हील घेताना चाक उलटं करून पाठीमागं बघा. जेडब्ल्यूएल असा शिक्का हाय का? ती जपानी मानकाची खूण. पण नकली मालावर शिक्काबी नकली असतोय, म्हणून नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. काड्या जिथं रिमला मिळतात तिथं नख फिरवा, केसाएवढी चीर लागली तरी सोडून द्या. आतली कड वेल्डिंग केलेली असंल तर हातच लावू नका. आपल्याकडच्या खड्ड्यात वेल्डिंग केलेलं चाक परत तिथंच फुटतंय, मी डोळ्यांनी बघितलंय. आन् मशीनवर फिरवून दाखवा म्हणावं. देणारा नाय म्हणाला तर कारण समजलं.

---

अबोली

खूप आभार दादा. आतली कड बघितलीच नव्हती. उद्या जाऊन बघते.

---

उद्यमनगरी

मृगसरीताई, एक ऱ्हायलंच. स्टेपनीत हवा बघितली का?

---

मृगसरी

नाही हो! आत्ता तुमचा प्रतिसाद वाचून टॉर्च घेऊन खाली गेले. स्टेपनी डिकीत आहे, बारकी, तात्पुरती असते ती. तिच्यावर स्पष्ट छापलंय ६० पीएसआय. गेज लावला तर १९. म्हणजे ती चार वर्षं डिकीत नुसतं ओझं म्हणून फिरत होती.

पायपंपाने ६० पर्यंत नेली, शेवटचे दहा अंगावर आले. नवे नट तिच्यावर लावूनही बघितले, बैठक नीट टेकते आणि आटे पूर्ण बसतात. गेज आणि टॉर्क पाना आता स्टेपनीच्या शेजारीच ठेवलेत. शनिवारी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, पाचही चाकं मोजून आकडे इथे टाकते.